६,८२९ की ६,८३०?

मंडळी, अमेरिकेतल्या ‘जेपर्डी’ या टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेचे सूत्रसंचालक ॲलेक्स ट्रेबेक यांनी १३ जून २०१४ रोजी विक्रम केला. एकाच गेम शोचे सर्वाधिक भाग सादर करण्याचा. त्यांचे ६,८२९, ‘द प्राइस इज राइट’वाल्या बॉब बार्कर यांचे ६,८२८. एका भागाचा फरक! गिनेस बुकात नोंदही झाली.

आता आपण स्वतः मोजू. हा ‘जेपर्डी’ सप्टेंबर १९८४ मध्ये सुरू झाला. पहिल्या मोसमात १९५ भाग. पुढे दर मोसमात ४६ आठवडे, आठवड्याला पाच, म्हणजे २३०. असे २८ मोसम: ६,४४०. तिसावा मोसम सुरू झाला १६ सप्टेंबर २०१३ ला. १३ जूनपर्यंत ३९ आठवडे, १९५ भाग. बेरीज करा. ६,८३० येते.

मग गिनेसचं चुकलं? नाही. १ एप्रिल १९९७ ला, एप्रिल फूलची गंमत म्हणून, ट्रेबेक आणि ‘व्हील ऑफ फॉर्च्युन’चे पॅट सेजॅक यांनी खुर्च्यांची अदलाबदल केली होती. त्या दिवशीचा ‘जेपर्डी’ सेजॅकनी चालवला. कार्यक्रमाचा भाग मोजला जातो, ट्रेबेकांचा नाही. हिशेब चोख जुळतो! मला स्वतःला हा एक वजा आख्ख्या विक्रमापेक्षा जास्त आवडतो.

पण इथे काय काय धरलेलं नाही, तेही बघा. आर्ट फ्लेमिंग यांचा १९६४ ते १९७५ चा मूळ ‘जेपर्डी’ नाही, कारण क्रमांक १९८४ पासून नव्याने सुरू झाले. उन्हाळ्यातली पुनःप्रक्षेपणं नाहीत, हे उघडच. १९९० च्या ‘सुपर जेपर्डी’चे १३ भागही नाहीत, आणि ते तर ट्रेबेकांनीच सादर केले होते! ते धरले असते तर बार्कर मे महिन्याच्या अखेरीसच मागे पडले असते. शिवाय बार्करांचा कार्यक्रम १९७५ पासून तासाभराचा, ‘जेपर्डी’ अर्ध्या तासाचा. मिनिटं मोजली तर बार्करांना गाठणं ट्रेबेकांना फार जड गेलं असतं. भाग हेच माप का, याचं सोयीपलीकडे उत्तर नाही.

भागांची अशी नोंद ठेवताना चित्रीकरणाची तारीख आणि प्रक्षेपणाची तारीख मात्र वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, एवढा आग्रह मी धरतो. ‘जेपर्डी’चे पाच भाग एका दिवसात चित्रित होत. ट्रेबेकांचं शेवटचं शूटिंग २९ ऑक्टोबर २०२० ला झालं, ८ नोव्हेंबरला ते गेले, आणि त्यांचा शेवटचा भाग दिसला ८ जानेवारी २०२१ ला. एकच रकाना ठेवणाऱ्याची वही इथे भलतंच काही सांगेल.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर ‘कौन बनेगा करोडपती’ घ्या. ३ डिसेंबर २०२१ ला त्याचा १,००० वा भाग दाखवला गेला. हे हजार कार्यक्रमाचे. अमिताभ बच्चन यांचा आकडा हवा असेल, तर २००७ चं शाहरुख खानचं पर्व आधी वजा करायला हवं. नोंद करणाऱ्याने म्हणूनच प्रत्येक भागापुढे सूत्रसंचालकाचं नावही लिहावं. सगळे भाग एकाच माणसाचे असले तरी लिहावं.