विंडहोक: नुसती गाडी घेऊन पुढे पळू नका

नमस्कार मंडळी! नामिबियाला जाणारे बरेच लोक काय करतात, तर विंडहोकला उतरतात, एअरपोर्टवरच भाड्याची फोर बाय फोर घेतात आणि थेट सोसुसव्लेईच्या लाल वाळूकडे सुटतात. राजधानी बघायचीच राहते. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून आजचा अख्खा व्हिडिओ विंडहोकवर.

आधी लोकेशन समजून घ्या. पश्चिमेला नामिबचं वाळवंट, पूर्वेला कलहारी, आणि मधल्या पठारावर साधारण 1,650 मीटर उंचीवर हे शहर. वर्षाचा पाऊस सरासरी 360 मिलिमीटरच्या आसपास, आणि देशातल्या बारमाही नद्या पार सीमेवर, शेकडो किलोमीटर लांब. मग लोक पितात काय? तर 1968 पासून हे शहर घराघरातलं सांडपाणी शुद्ध करून परत पिण्यासाठी नळाला सोडतंय, असं करणारं जगातलं पहिलं शहर! कारखान्यांचं पाणी यात येऊच देत नाहीत, ते वेगळ्या लाइनने जातं, आणि बाकीचं गोरेआंगाब प्लांटमध्ये ओझोन, वाळूचे फिल्टर, कार्बन, मेम्ब्रेन, क्लोरीन असं सगळं करत करत धरणाच्या पाण्यात मिसळतात. 2002 मध्ये नवा मोठा प्लांट आला. आपल्याकडे दर उन्हाळ्यात टँकर मोजणाऱ्या शहरांनी हे नीट बघायला हवं असं मला मनापासून वाटतं.

शहर लहान असलं तरी इथे वजनदार परिषदाही झाल्या आहेत. वाळवंटीकरणावरच्या यूएन कराराची मोठी परिषद 2013 ला इथे झाली, म्हणजे चर्चेचा विषय खिडकीबाहेरच दिसतो! त्याआधी 1991 मध्ये आफ्रिकन पत्रकार इथे जमले, प्रेस फ्रीडमचा विंडहोक जाहीरनामा केला, आणि 3 मेचा जागतिक पत्रकारिता स्वातंत्र्य दिन त्यातूनच आला. तुम्हालाही इथे हजारोंची परिषद भरवायची असेल तर हॉल बहुतेक मोठ्या हॉटेलांतच मिळतात, जागा आधीपासून बघून ठेवा.

आता जुना भाग. तेव्हा इथे राज्य करणाऱ्या जर्मनांनी 1890 मध्ये किल्ला बांधला, आल्टे फेस्टे. जवळच क्रिस्टुसकिर्शे, 1910 चं चर्च, स्थानिक दगडाचं, रंगीत काचा जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मने दिलेल्या. फोटो सुंदर येतात, घ्या की. पण किल्ल्याला लागूनच इथल्या हेरेरो आणि नामा लोकांना डांबलेली छळछावणी होती, जर्मनांनी केलेल्या 1904 ते 1908 च्या नरसंहारातली, आणि हे माहीत नसताना तिथे नुसते सेल्फी काढणं बरोबर नाही. तिथे 1912 मध्ये जर्मन सैनिकांच्या स्मरणार्थ घोडेस्वाराचा पुतळा उभारला होता, तो शेवटी 2013 च्या डिसेंबरमध्ये हलवला. आता त्या परिसरात स्वातंत्र्य संग्रहालय आहे. हे नक्की करा, आणि वर जाऊन सगळं शहर बघा.

तिथून कातुतुरा या वस्तीत. वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांना जुन्या वस्तीतून उठवून इथे आणलं, आणि 10 डिसेंबर 1959 ला त्याला विरोध करणाऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. आज तिथल्या सिंगल क्वार्टर्स मार्केटमध्ये कपाना मिळतो, निखाऱ्यांवर भाजलेल्या बीफच्या पट्ट्या, तुमच्यासमोरच कापतात आणि बाजूला तिखट-मीठ ठेवलेलं असतं त्यात बुडवून हातानेच खायचं. बीफ खात नसाल तर फॅट केक घ्या, मैद्याचे तळलेले गोळे, गरम असतानाच खा. स्थानिक गाइड घेऊन जा, गप्पा जास्त होतात.

जाताना मुंबईहून अदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गमार्गे जाता येतं. एअरपोर्ट शहरापासून सुमारे 45 किलोमीटर, त्यामुळे रात्रीची फ्लाइट असेल तर पिकअप आधीच ठरवा. जून-जुलैत दिवसा छान ऊन आणि रात्री कडाक्याची थंडी, जॅकेट घ्याच. निदान दोन दिवस शहराला द्या, मग काढा गाडी.