वाट पॅकेटातच असेल तर

24 फेब्रुवारी 2008. पाकिस्तान टेलिकॉमला यूट्यूब फक्त देशापुरतं बंद करायचं होतं. त्यासाठी केलेली एक नोंद बाहेर गळली आणि सुमारे दोन तास जगभरातून यूट्यूबकडे निघालेली वाहतूक भलतीकडेच वळली. यूट्यूब जाहीर करत होतं 208.65.152.0/22, म्हणजे 1024 पत्त्यांचा पट्टा. पाकिस्तान टेलिकॉमकडून त्यातलाच 256 पत्त्यांचा तुकडा, /24, जाहीर झाला. दोन पट्टे समोर आले की राउटर जास्त नेमका, म्हणजे लहान पट्टा निवडतो. पाकिस्तान टेलिकॉमला जगाशी जोडणाऱ्या वरच्या नेटवर्कने खातरजमा न करताच ती घोषणा पुढे पाठवली.

नेटवर्कं एकमेकांना वाटा ज्या पद्धतीने कळवतात, त्या बीजीपीची घडणच अशी आहे: शेजारी सांगेल ते खरं. पट्टा जाहीर करण्याचा हक्क कुणाचा, हे आज आरपीकेआय या डिजिटल प्रमाणपत्रांच्या व्यवस्थेने सहीनिशी तपासता येतं, आणि ती तपासणी प्रत्येक नेटवर्कने चालू करायलाच हवी. तरी एक फट उरते. खऱ्या मालकाचा नेटवर्क-क्रमांक शेवटी जोडून मधली वाट खोटी सांगितली, तर ही तपासणी ती पकडत नाही.

ही फट मुळातच बुजवणारी एक रचना झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात वाढली: सायऑन. स्विस बँकांचं एसएसएफएन हे जाळं 2021 पासून तिच्यावर चालतं. इथे वाट राउटरच्या तक्त्यात नसते, पॅकेटातच, म्हणजे पाठवलेल्या माहितीच्या गठ्ठ्यातच, लिहिलेली असते, आणि उपलब्ध वाटांतून ती पाठवणारा निवडतो.

पॅकेटातली एका नेटवर्कपुरती वाटेची नोंद म्हणजे हॉप फील्ड. एक जवळून पाहू. लांबी 12 बाइट. आत येण्याचं दार 2 बाइट, बाहेर पडण्याचं 2, मुदत 1, खुणांसाठी 1, आणि उरलेल्या 6 बाइटांत त्या नेटवर्कने स्वतःच्या गुप्त किल्लीने काढलेला मॅक, म्हणजे नोंद बदललेली नाही हे दाखवणारा शिक्का. राउटर तो मॅक पुन्हा काढून पाहतो. जुळला नाही तर पॅकेट तिथेच टाकून देतो.

याची किंमत जागेत मोजावी लागते. चार नेटवर्कांतून जाणाऱ्या, तीन तुकड्यांच्या वाटेला सहा हॉप फील्ड लागतात, कारण तुकडे जिथे जुळतात ती दोन नेटवर्कं दोनदा मोजली जातात. आयपीव्ही4 पत्ते धरून हेडर, म्हणजे पॅकेटाच्या सुरुवातीचा पत्ता-वाटेचा भाग, 136 बाइटांचा होतो; हे पॅकेट ज्यावरून जातं त्या खालच्या, नेहमीच्या यूडीपी-आयपीचे 28 वेगळे. 1500 बाइटांच्या एमटीयूमध्ये, म्हणजे एका पॅकेटाच्या कमाल लांबीत, हा हिशेब चुकला की पिंगचं छोटं चाचणी-पॅकेट चालतं, पण मोठी फाइल अडकते. बिघाड शोधणारे इथे हमखास चकतात. घड्याळं जुळलेली नसतील तर चालू मुदतीची वाटही संपलेली दिसते, म्हणून वेळ जुळवणारी यंत्रणा आधी तपासावी.

मला या रचनेत सगळ्यात मोलाचं वाटतं ते तिचं बदलतं राहणं. मॅक काढतं ते नेटवर्क आणि तपासतंही तेच. त्यामुळे तिथली किल्ली, अगदी मॅक काढायची पद्धतसुद्धा, इतर कुणाला न विचारता बदलता येते. मात्र हॉप फील्डची मुदत 24 तासांपर्यंत असू शकते. तोवर राउटरवर जुनी किल्लीही ठेवावी लागते. ती लगेच पुसली, तर चालू असलेल्या वाटा त्याच क्षणी तुटतात.