तलाठ्याला ४८ तास, आमदाराला दोन वर्षं

(दृश्य: मे महिन्याची दुपार. समुद्राकडे उतरणारी पाखाडी, म्हणजे बांधीव पायवाट, दोन्ही अंगांना जांभ्याचे गडगे.)

कोकणातल्या कुठल्याही वाडीत असते, तशी ही पाखाडी. समजा, कागदावर ती ३० मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि काँक्रीट १० सेंटिमीटर जाड आहे. म्हणजे साडेचार घनमीटर. आता कडेची माती पहारीने खरवडा. जाडी ६ सेंटिमीटरच भरली, तर जमिनीवर आहे २.७ घनमीटर. बाकीचं १.८ घनमीटर, म्हणजे १:२:४ च्या मिश्रणाने साधारण ११ गोणी सिमेंट, मोजमाप पुस्तिकेतच राहिलं. आगोट लागली की कडा सुटतात आणि शिव्या पावसाला बसतात.

(दृश्य: ग्रामपंचायतीचं टेबल. रोकडवही, धनादेश, शिक्का.)

मोजमाप अभियंता लिहितो. खर्च नमुना ५ च्या रोकडवहीत चढतो. पैसे निघतात सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या जोडसहीने. त्यामुळे असा घोळ एकट्यादुकट्याला सहसा जमत नाही.

कोर्टात फसवणूक सिद्ध झाली, तर खुर्ची जाते का? ते खुर्ची कोणती, यावर ठरतं.

तलाठ्यापासून सुरुवात करू. तो ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला, की १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे निलंबित मानला जातो. तेव्हा दोष सिद्ध व्हायचा असतो, बहुतेक वेळा आरोपपत्रही दाखल झालेलं नसतं.

सरपंचाला ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १४ लागतं. सहा महिने किंवा त्याहून जास्त कैद झाली, की तो अपात्र. सुटल्यानंतरही पाच वर्षं. वाद झाला तर निर्णय जिल्हाधिकारी देतात, कलम १६ खाली. शिक्षेची वाट न पाहता गैरवर्तनासाठी काढायचं असेल, तर कलम ३९ आहे. त्यात चौकशी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी करतात आणि आदेश काढतात विभागीय आयुक्त. ते बसतात बेलापूरच्या कोकण भवनात. सावंतवाडीच्या तक्रारदाराला तारखेला तिथे पोचायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास. दोन तारखा पुढे ढकलल्या, की निम्मे तक्रारदार गळतात.

(दृश्य: तालुक्याच्या नाक्यावरचे फलक. चेहरे धूसर.)

आता आमदार आणि खासदार. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ८. फसवणुकीला लागणारं पोटकलम तिसरं, आणि त्याची अट आहे किमान दोन वर्षं कैद. जुन्या ४२० कलमात सात वर्षांपर्यंत शिक्षा देता येते. पण न्यायाधीशांनी २३ महिने दिले, तर आमदारकी शाबूत. त्याच शिक्षेत सरपंच घरी बसला असता. आमच्या मते ही शिडी उलटी लावलेली आहे. ज्याची सही लाखाची, त्याला सहा महिन्यांची पायरी आणि ज्याचा शब्द कोटीचा, त्याला दोन वर्षांची.

एक वाट मात्र अरुंद नाही. तेच प्रकरण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली सिद्ध झालं, तर नुसता दंडही अपात्रतेला पुरतो. म्हणून फिर्याद कुठल्या कलमांखाली नोंदली, हे पहिल्याच दिवशी बघावं. निकालाच्या दिवशी ते बघून उपयोग नसतो.

२०१३ पर्यंत पदावरच्या आमदाराला अपील करायला तीन महिने मिळत आणि अपील पडून राही तोवर खुर्चीही राही. १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस खटल्यात ही सवलत रद्द केली. नागपूर जिल्हा बँक प्रकरणात सुनील केदार यांना २२ डिसेंबर २०२३ रोजी पाच वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच त्यांची आमदारकी गेली.

अपिलात माणूस निर्दोष ठरला, तर गेलेली मुदत त्याला कोण देणार? आक्षेप रास्त आहे. त्यासाठीच वरच्या कोर्टाला दोषसिद्धी (दोषी ठरवणारा निकाल) थांबवता येते. गफलत होते ती इथेच. शिक्षेला स्थगिती म्हणजे तुरुंगातून सुटका, एवढंच. दोषसिद्धीला स्थगिती मिळाली, तरच अपात्रता थांबते. जयललितांच्या शिक्षेला स्थगिती होती, तरी २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची मुख्यमंत्रिपदावरची नेमणूक रद्द केली, कारण दोषसिद्धी कायम होती.

(दृश्य: नाक्यावरचा नवा फलक, त्यावर ‘न्यायालयाचा दिलासा’.)

दिलासा कशाला मिळाला, हे फलकावर कधी छापत नाहीत. आदेशाची प्रत न्यायालयाच्या संकेतस्थळावर सापडते. शेवटचं पान उघडायचं आणि स्थगितीच्या आधीचा शब्द वाचायचा.