कच्चा लिंबू
(वसंत व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात, घरी आंब्यांची आढी लागलेली असताना, तिच्यावरची नजर काढून तुम्ही दीड तास इथे बसायला आलात, याचं मोल मला कळतं. पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे गावोगावी तशा माला निघाल्या, आणि उन्हाळा आला की मोठ्यांनी आत बसून भाषण ऐकायचं आणि पोरांनी बाहेर अंगणात दंगा करायचा, अशी आपल्याकडे वाटणीच होऊन गेली. आत्ताही बाहेरून ओरडा ऐकू येतोय. कार्यकर्त्यांपैकी कुणी उठलंय वाटतं त्यांना गप्प करायला. कृपा करून बसा. तो दंगा आजच्या भाषणाचाच भाग आहे.

पत्रिकेत विषय छापलाय ‘कच्चा लिंबू : एका नियमाचा विचार’. आता इथे मराठीचे दोन निवृत्त शिक्षक बसलेले दिसतात, त्यांच्या कपाळावरची आठी मी आल्याआल्याच पाहिली. लिंबू नपुंसकलिंगी. ते लिंबू, कच्चं लिंबू. बरोबर आहे सर. पण मुलं ‘कच्चा लिंबू’च म्हणतात. कदाचित हिंदीतून आलं असेल, तिकडे नींबू पुल्लिंगी आहे. आमच्या लहानपणी आम्ही लिंबू-टिंबू म्हणायचो, त्यात लिंगाचा प्रश्नच यायचा नाही. मी मुलांचं व्याकरण घेतलंय, कारण नियम त्यांचा आहे.

नियम तुम्हाला ठाऊक आहे. खेळायचंय, पण जो फार लहान आहे, त्याला खेळात घ्यायचं. तो पळेल, लपेल, ओरडेल, पण आउट होणार नाही आणि त्याच्यावर राज्य येणार नाही. बस, एवढंच. ना लिहिलेलं, ना कुणी मोठ्यानं शिकवलेलं. माझ्याकडे वर्षानुवर्षं भाचरं येतात, त्यांतल्या एकालाही हा नियम मी सांगितल्याचं आठवत नाही. ती तो घेऊनच येतात.

आमचं घर गुहागरजवळ. मी आता तिथेच असते, आईबरोबर. मेमध्ये दोन भावांची आणि एका बहिणीची मुलं येतात, म्हणजे मी चौघांची आत्या आणि तिघांची मावशी. सात पोरं, साडेचार ते चौदा वर्षांची. नावं सांगणार नाही. थोरलीनं बजावलंय, “आत्या, माइकवर आमची नावं घ्यायची नाहीत.” तिचा शब्द मोडायची माझी इच्छा नाही.

सकाळी गडग्यापलीकडे करवंदं काढायला जायचं. काढलेलं करवंद लगेच खायचं नाही, आधी फोडून बघायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. त्यावर पैजा. मग चिकानं चिकटलेली बोटं आणि फ्रॉकवर कधीही न निघणारे डाग. दुपारी ओटीवर पत्ते. झब्बू, गुलामचोर, बदाम सात. बदाम सातमध्ये साडेचार वर्षांचा माझा भाचा सत्ती हातात आली की इतका हसायचा, की डाव सुरू होण्याआधीच सगळ्यांना कळायचं ती कुणाकडे आहे. पत्ता लपवायचा असतो हे त्याला पटेचना. इतकी चांगली गोष्ट लपवायची कशाला?

पण खरा खेळ संध्याकाळचा. डबा ऐसपैस. इथे पन्नाशीच्या पुढची मंडळी बरीच आहेत, त्यामुळे नियम सांगत बसत नाही. एकानं डबा लांब भिरकवायचा, राज्य असलेल्यानं तो आणून रिंगणात ठेवेपर्यंत बाकीच्यांनी लपायचं, दिसला की डब्यावर पाय ठेवून नाव घेऊन ऐसपैस, आणि कुणी येऊन डबा उडवला की पुन्हा पहिल्यापासून. शर्टांची अदलाबदल करून चुकीचं नाव घ्यायला लावलं की अंडं. ऐसपैस हा ‘आय स्पाय’चाच झालेला शब्द, असं मानतात. मला त्यात पोरांचं कौतुक वाटतं. परका शब्द घेतला आणि त्याचा असा मराठी शब्द केला, की त्यात अख्खं अंगण मावावं.

आणि ‘राज्य’! जरा थांबते इथे, कारण हा शब्द मला फार आवडतो. आपल्या भाषेत ज्याला सगळ्यांच्या मागे धावायचं असतं, त्याच्यावर राज्य येतं. मिळत नाही, येतं. तिघातिघांनी हात धरून, तळहात उलटे-सुलटे करून आपण काय करतो? सुटतो. “मी सुटलो!” म्हणून उड्या मारतो. जो सुटत नाही तो राजा. प्रजा मोकळी, झाडामागे हसतेय, आणि राजा घामाघूम. राज्य हे ओझं असतं, हे आमच्याकडे सहा वर्षांच्या मुलाला माहीत असतं. (हशा, टाळ्या)

तर गेल्या वर्षीची गोष्ट. मेचा तिसरा आठवडा असेल. धाकटा अर्थातच कच्चा लिंबू. पहिले आठ दिवस तो खूश होता. कुणाच्या तरी मागे लपायचा, लपल्यावर ओरडून सांगायचा, “मी इथे लपलोय!” त्याच्यामुळे शेजारी लपलेली ताई सापडायची, पण त्याला कुणी रागवायचं नाही. नवव्या दिवशी तो खळ्याच्या मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, “मला पण राज्य पाहिजे.”

सगळे गप्प. राज्य मागणारा माणूस त्यांनी पाहिलेलाच नव्हता. थोरलीनं समजावलं, “अरे, तू कच्चा लिंबू आहेस, तुझी मज्जा आहे.” तर तो म्हणाला, “मी आता पिकलो.”

मग बसली पंचायत. मी ओटीवरून ऐकत होते, मध्ये पडले नाही. चौदा वर्षांची थोरली, तिच्याखालचे बारा आणि अकराचे दोघे, एरवी कधी दहा मिनिटं गंभीर बसत नाहीत ती पोरं, खरोखर चर्चा करत होती. त्याला विसापर्यंत आकडे येतात का? येतात, पण चौदा गाळतो. चालेल. डब्यावर पाय ठेवेल का? ठेवेल. रडेल का? यावर थोडा वाद झाला. शेवटी ठरलं, द्यायचं.

त्यानं आकडे म्हटले, चौदा गाळून. सगळे लपले. आणि मग तो नुसता उभाच राहिला. त्याला कुणीच दिसेना. अंगण एकदम रिकामं झालेलं, संध्याकाळची वेळ. त्याचा खालचा ओठ पुढे आला. तेवढ्यात विहिरीकडच्या माडामागून कुणीतरी खोकलं. तो धावला. मग गोठ्यातून शिंक आली. मग फणसामागून एक चप्पल बाहेर. एकेकानं स्वतःला असं सापडू दिलं, की त्याला संशय येऊ नये. बारा वर्षांच्या मुलाला हे जमतं! मी चाळीस वर्षं शिकवलं, मला हे इतक्या सफाईनं जमलं नसतं.

आणि इथे माझी आई खेळात आली. ती त्र्याऐंशी वर्षांची. ओटीच्या पायरीवर रातांबे फोडत बसली होती, दोन्ही हात लालभडक. धाकट्यानं विचारलं, “अजून कोण राहिलंय?” ती म्हणाली, “मी. मीपण लपलेय.” आता ती त्याच्यासमोर चार हातांवर बसलेली. तो क्षणभर बघत राहिला. मग त्यानं मान फिरवली आणि अख्ख्या आवारात आजीला शोधायला लागला. केळीत बघितलं, न्हाणीघरात बघितलं, पिंपात वाकून बघितलं. ती मधून मधून म्हणायची, “काय बाई, सापडतच नाहीये मी!” शेवटी परत आला, पायरीखाली वाकून बघितलं, वर बघितलं, आणि डब्याकडे धावत जाऊन ओरडला, “आजी ऐसपैस!”

तुम्ही म्हणाल, किती गोड. थांबा, गोष्ट पुढेच आहे.

दुसऱ्या दिवशी मुलांनी ठरवलं, आजी कच्चा लिंबू. आई म्हणाली, “मुळीच नाही. काल सापडले मी, राज्य माझ्यावर.” कुणाचं ऐकेना. खांबाशी खुर्ची मांडून दिली, पदर डोळ्यांवर घेऊन ती मोजायला लागली. एक, दोन, तीन... शंभर म्हणाली होती. सत्तरच्या आसपास आवाज बारीक झाला आणि मग थांबला. तिला झोप लागली.

सात पोरं लपलेली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डबा खळ्यात तसाच उघडा. कुणीही यावं, उडवावं. मी खिडकीतून बघतेय, कोण आधी येतो. कुणी आलं नाही. अंधार पडायला लागला. मग धाकटा केळीतून बाहेर आला, पाय न वाजवता आजीजवळ गेला, तिची मूठ हळूच तिच्याच ओठांना लावली आणि बाकीच्यांना सांगितलं, “आजी टाइमप्लीज आहे.”

(सभागृहात काही क्षण शांतता)

टाइमप्लीजवरून आठवलं, ब्रिटनमध्ये आयोना आणि पीटर ओपी या नवराबायकोनं मुलांच्या खेळांतले शब्द आयुष्यभर गोळा केले. १९५९ साली त्यांनी दाखवून दिलं, की खेळ थांबवायला मुलं जो शब्द वापरतात तो तिथे दर थोड्या अंतरावर बदलतो. कुठे ‘बार्ली’, कुठे ‘फेनाइट्स’, आणि पूर्वेकडच्या काही भागांत ‘किंग्ज’. राजे! आपल्याकडे राज्य, तिकडे राजे. असं काम मराठीत तालुक्या-तालुक्यातून व्हायला हवं. माझी एक हैदराबादची सहकारी होती, तिच्या तेलुगूत कच्च्या लिंबाला ‘आटलो अरटिपंडु’, म्हणजे खेळातलं केळं. बंगालीत दूधभात. बघा, लिंबू, केळं, दूधभात. सगळं खायचंच. लहान मूल म्हटलं की...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अरे बापरे, पत्रिकेत छापलेला विचार अजून सुरूही झालेला नाही. धावतच सांगते.

मुद्दा असा, की कच्चा लिंबू व्हायला वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र लागतात. सगळी आठ वर्षांचीच असतील, तर लिंबू कोण होणार? जो दुबळा असेल तो मग फक्त हरतो. गेल्या वर्षी माझ्या एका भाचीनं शहरात तिच्या दोन मुलांना, पाच आणि नऊ वर्षांची, सुट्टीतल्या शिबिरात घातलं. बहीणभावंडांना वेगवेगळ्या तुकड्यांत टाकलं, एक सकाळी, एक दुपारी. जन्मदाखला बघितला, वयोगट ठरवले. तिनं विचारलं, दोघांना एकत्र ठेवता येईल का? उत्तर मिळालं, वेगळ्या वयाच्या मुलांना एकच खेळ खेळता येत नाही. मला हे ऐकून मनापासून वाईट वाटलं, अजून वाटतं. शाळेत वर्षाचे दहा महिने आपण मुलांना वयाच्या खणांत भरतो. सुट्टीत तरी ते खण उघडावेत!

हे मी आजच्या काळावरचा राग म्हणून सांगत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर डहाणू तालुक्यात कोसबाडला नेलं. तिथे त्यांना दिसलं, की आदिवासी मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटं भावंड असतं. त्यांनी काय केलं? धाकट्याला घरी ठेवून ये, असं म्हटलं नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. विकासवाडी ती. मुलं गुरं राखायला गेली, तर शाळा कुरणात नेली. कडेवरच्या भावंडासकट शाळेत घेणं म्हणजे माझ्या मते कच्च्या लिंबाचाच नियम आहे, आणि तो दोन मोठ्या बायकांनी अंमलात आणला.

दुसरा मुद्दा. रशियातले मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की, १९३४ साली फार तरुणपणी गेले, त्यांनी सांगितलंय, की मूल जे आज मोठ्याच्या किंवा जास्त जाणत्या सवंगड्याच्या आधारानं करतं, ते उद्या एकटं करतं. लिंबू आठ दिवस नुसता पळत असतो ना, तेव्हा तो सगळं बघत असतो. पिकल्याचं तो स्वतः सांगतो. त्याला दाखला लागत नाही.

पाच मिनिटं, हो. तिसरा मुद्दा मोठ्यांचा आहे. थोरलीला त्या संध्याकाळी जे करायला मिळालं, खोकून स्वतःला सापडू द्यायला, ते तिच्या वर्गात तिला कधी करायला मिळतं? लिंबाचा फायदा लिंबालाच होतो असं नाही. आणि आई. म्हाताऱ्या माणसाला आपण ओटीवर बसवतो आणि बघा म्हणतो. खेळात घ्या ना. आउट करू नका, पण घ्या.

चुलत-मावस भावंडं आता कमी झाली, हे खरं आहे. एकेका घरात एकच मूल. मग इमारतीतली घ्या, शेजारची घ्या. आठ दिवस एका घरी, पुढचे आठ दुसऱ्या. वेळापत्रक करू नका. एक रिकामा डबा द्या, पत्र्याचा, प्लास्टिकचा नको, वाजत नाही. जेवायला हाक मारा, आणि त्यांच्या पंचायतीत पडू नका.

वेळ संपली. एवढंच सांगायचंय, दाराशी टेबलावर मी एक वही ठेवली आहे. जाताना तुमच्या गावी कच्च्या लिंबाला काय म्हणत, टाइमप्लीजला काय म्हणत, आणि चुकीचं नाव घेतलं की अंडं फुटायचं की आणखी काही व्हायचं, ते लिहा. गाव आणि तालुका लिहायला विसरू नका. पेन दोरीला बांधलंय. आणि बाहेर खेळणारी जी मुलं आहेत, त्यांनाही लिहू द्या, आधी त्यांना.