तीन वायरींच्या पंख्यातून स्पिन कोटर

श्रोतेहो, नमस्कार. काचेच्या तुकड्यावर रसायनाचा थर द्यायचाय, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढा, आणि तोही सगळीकडे सारखा. ब्रशने हे होत नाही. काचेच्या मधोमध द्रावणाचे थेंब सोडायचे आणि ती गरागरा फिरवायची. जास्तीचं द्रावण कडेने फेकलं जातं, द्रावक उडून जातो, पातळ पापुद्रा उरतो. हे करणारं यंत्र म्हणजे स्पिन कोटर. चिप बनवणाऱ्या कारखान्यांत ते असतंच. आपल्या साध्या कॉलेजांतही ते असावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते घरी बनवता येतं.

मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार गाठा. कम्प्युटरचा बारा व्होल्टचा पंखा मागा, पण तीन वायरींचा. दोन वायरींचा स्वस्त पडतो, तरी घेऊ नका. तिसरी वायर वेग सांगते: साधारणपणे एका फेऱ्याला दोन स्पंद, म्हणजे विजेचे दोन ठोके. आर्डुइनोने, म्हणजे प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाने, सेकंदाला 100 स्पंद मोजले, तर वेग झाला मिनिटाला 3000 फेरे. स्पंद दिसलेच नाहीत, तर त्या वायरीपासून पाच व्होल्टपर्यंत 10 किलोओहमचा रेझिस्टर जोडून बघा.

वेग मोजण्यावर मी एवढा भर देतोय, कारण थराची जाडी त्यावरच ठरते. ती साधारण वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. जाडी निम्मी हवी तर वेग चौपट लागतो. थेंब कसा पडला याची फार काळजी नको. 1958 साली एम्स्ली, बॉनर आणि पेक यांनी गणिताने दाखवलं, की सुरुवातीला ओबडधोबड असलेला द्रवही फिरता फिरता सपाट होत जातो.

पंख्याची पाती मुळापासून सारखी कापा, नाहीतर थरथर सुटेल. मधल्या गोल भागावर डबल साइड टेपने काच बसवा, अगदी मधोमध. 25 मिलिमीटरच्या चौकोनी काचेच्या कडेवर 3000 फेऱ्यांना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सव्वाशे पट ओढ असते. म्हणून हे सगळं स्टीलच्या डब्यात बसवा, वर जाड पारदर्शक झाकण हवंच, आणि डोळ्यांवर चष्मा. खेळण्यातली ब्रशवाली मोटार वापरू नका. तिच्यात ठिणग्या उडतात, आणि द्रावक अल्कोहोल असेल तर त्याची वाफ पेट घेते.

पहिला प्रयोग पाण्यात विरघळवलेल्या पॉलिव्हायनिल अल्कोहोलचा करा; नावात अल्कोहोल असलं तरी हे पाण्यात विरघळणारं प्लास्टिक आहे. थर पुरेसा पातळ झाला की झाकणातून बघा: हिरव्या-गुलाबी रंगांची वलयं मधून कडेकडे सरकताना दिसतात. रंग बदलायचे थांबले की थर पातळ होणंही थांबलं.

एक गोष्ट खास आपल्या मुंबईची. जुलैत पाण्यातल्या द्रावणाचे थर वाळता वाळत नाहीत, आणि ऍसिटोनसारखा झटपट उडणारा द्रावक पृष्ठभाग इतका गार करतो, की हवेतला दमटपणा त्यावर बसून थर दुधाळ होतो. तेव्हा वहीत वेगाशेजारी त्या दिवशीची आर्द्रताही लिहा.