सोलापूर ते प्रतापगड, बसनं तीन दिवस

पहाटे साडेपाचला सिद्धेश्वर तलावाजवळ बस लागलीय. मागं भुईकोट किल्ल्याचे बुरूज अजून अंधारातच आहेत, आणि आत कडक भाकरी अन् शेंगाचटणीच्या डब्यांचा वास सुटलाय. आम्हा सोलापूरकरांना किल्ला म्हणलं की हेच आठवतं, सपाट रान, तट, खंदक.

पहिला मुक्काम नळदुर्ग, हैदराबाद रोडनं तासभर. इथं बोरी नदीवर किल्ल्यातच बंधारा घातलाय आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, साल १६१३. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन्ही सांडवे सुटतात. पायऱ्या उतरून आत गेलो, खिडकीसमोरून पाणी धो धो कोसळतंय, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, आणि आपण कोरडेच्या कोरडे! चारशे वर्षं झाली याला. खरं सांगतो, एवढं नीट काम मी दुसरीकडं बघितलं नाही, आणि आपल्यातल्या कितीतरी लोकांनी हे घराजवळ असून पाहिलेलं नाही याचं वाईट वाटतं.

तिथनं तुळजापूर. बसमधल्या एका आजींनी देवीची ओटी भरली आणि कुंकवाची एक पुडी पदराच्या गाठीत बांधून ठेवली.

आता नीट ऐका, कारण पुढचा रस्ता साधा नाहीये. १६५९ मध्ये अफझलखान विजापुरातनं निघाला तो तुळजापूर, पंढरपूर करत वाईला आला असं बखरी सांगतात, आणि आपली बसपण पंढरपूर, म्हसवड, दहिवडी करत वाईलाच चाललीय. खिडकीतनं बघत राहा. ज्वारीचं काळं रान, मग माणचा उजाड माळ, तोपर्यंत हत्ती, घोडी, तोफा सगळं आरामात चालेल अशीच जमीन आहे. वाईत कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती बघितला, रात्री तिथंच राहिलो.

सकाळी पसरणीचा घाट लागला आणि बसमध्ये एकदम सगळे गप्प. पाचगणी, महाबळेश्वर मागं टाकून आंबेनळी घाट उतरलो की समोर प्रतापगड. धुकं असं की बुरूज दिसतो, पुन्हा जातो, पुन्हा दिसतो.

वर चढून जावळीच्या खोऱ्याकडं बघा. नुसतं रान आणि दऱ्या, सपाट जागा शोधून सापडत नाही. वाईहून खानाची फौज रडतोंडीच्या घाटानं इथं उतरली, आणि १० नोव्हेंबरला जे झालं ते का झालं हे मला पुस्तकात कधी कळलं नव्हतं ते या तटावर उभं राहून कळलं. मैदानातल्या फौजेला महाराजांनी मैदानच मिळू दिलं नाही ओ.

गडावर भवानीचं देऊळ आहे, महाराजांनीच बांधलेलं. दम खात खात आजी तिथवर आल्या. पदराची गाठ सोडली, तुळजापूरचं कुंकू चिमटीत घेतलं आणि उंबऱ्याला लावलं.