मायक्रोफोनची खरखर: बिघाड नेमका कुठे?

श्रोतेहो, नमस्कार. संगणकासमोर बसून अर्धा तास मन लावून एखादी कथा वाचावी, ती ध्वनिमुद्रित करावी, आणि नंतर ऐकताना दर दोन-तीन वाक्यांनंतर चटचट, कडकड असा आवाज त्यात मिसळलेला आढळावा, यासारखा हिरमोड नाही. मी तो अनुभवला आहे. अशा वेळी दोष मायक्रोफोनचाच असे धरून नवा घेण्याचा विचार चटकन मनात येतो. माझे आग्रहाचे सांगणे असे की, त्याआधी ती खरखर नीट कान देऊन ऐकावी. कारण ती केव्हा वाजते आणि कशाबरोबर वाजते, यावरून ती कुठे निर्माण झाली हे बरेचसे उमगते.

त्यासाठी एक लहानशी चाचणी करावी. थेट प्रक्षेपण करत असाल तर ते बंद ठेवून, संगणकातच एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण करावे. प्रथम वीस सेकंद पूर्ण शांत बसावे, मग वीस सेकंद हलक्या आवाजात एकसंध ‘आ’ म्हणत राहावे, श्वास संपला की पुन्हा सुरू करावे, आणि शेवटचे वीस सेकंद नेहमीपेक्षा मोठ्याने बोलावे. ही फाइल दुसऱ्या उपकरणावर, उदाहरणार्थ मोबाइलवर, ऐकावी. तेथे ती स्वच्छ वाजली आणि संगणकावरच खरखरली, तर मायक्रोफोन निर्दोष असून बिघाड ऐकवणाऱ्या बाजूला आहे. फाइल सगळीकडे स्वच्छ, पण प्रक्षेपणातच आवाज तुटतो असे असेल, तर इंटरनेट जोडणीकडे आणि प्रक्षेपणाच्या वेळी संगणकावर पडणाऱ्या भाराकडे पाहावे.

खरखर फक्त मोठ्याने बोलताना येत असेल, तर संवेदनक्षमता, म्हणजे ज्याला सगळे गेन म्हणतात, ती जास्त आहे. डिजिटल ध्वनीत शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा असते. तिच्यावर जाणाऱ्या ध्वनिलहरीचा माथा सपाट कापला जातो, आणि हा कापलेला माथा आपल्याला फाटका, करकरीत ऐकू येतो. नंतर आवाज कमी केल्याने तो माथा परत येत नाही, म्हणून उपाय मुद्रणापूर्वीच करावा लागतो. नेहमीच्या बोलण्यातील शिखरे उणे १२ डेसिबलच्या आसपास आणि सर्वांत मोठा उच्चार उणे ६ डेसिबलच्या आत राहील, असे प्रमाण मला योग्य वाटते. मात्र गेन एकाच ठिकाणी नसतो. तो उपकरणावरील बटणात असतो, संगणकाच्या ध्वनिसेटिंगमध्ये असतो, मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्येही असतो, आणि काही संगणकांत ‘मायक्रोफोन बूस्ट’ नावाची २० किंवा ३० डेसिबलची वाढ नकळत चालू राहिलेली असते. लहर साखळीच्या पहिल्याच टप्प्यावर कापली गेली असेल, तर पुढच्या टप्प्यावर आवाज कमी करून काहीही साधत नाही.

शांत बसलेल्या वीस सेकंदांतही कडकड ऐकू आली, तर केबल आणि जोडणीची खोबण यांच्याकडे वळावे. केबल हलकेच हलवताना आवाज वाढत असेल, तर निदान झालेच. सलग घुमणारा, संथ गुणगुण हा मात्र वेगळा प्रकार असून तो बहुधा विजेच्या पुरवठ्यातून येतो. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवताच तो थांबला, तर खूण पटते.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो हळू आवाजातही मधेच चटचट येते त्या प्रकारात, आणि म्हणूनच मी तो एकसंध ‘आ’ म्हणायला सांगितला. संगणक आवाजाचे सेकंदाला बहुधा ४८,००० नमुने घेतो आणि ते लहान लहान गठ्ठ्यांत पुढे पाठवतो; त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५.३ मिलिसेकंदांत भरतो. तेवढ्या वेळात प्रोसेसरने तो उचलला नाही, तर मधला तुकडा हरवतो, लहर एकदम तुटते आणि आपल्याला चट असा आवाज येतो. शांततेत तुकडा हरवला तर कानाला कळतही नाही, पण लांबवलेल्या ‘आ’मध्ये तो लगेच उघडा पडतो. बफर ५१२ किंवा १,०२४ नमुन्यांचा केल्यास ही चटचट बहुधा थांबते. आवाज थोडा उशिरा पोहोचतो, परंतु बोलण्याच्या मुद्रणात त्याने बिघडत नाही. हेडफोनमध्ये स्वतःला ऐकत गाणाऱ्याला मात्र तो उशीर जाणवतो.

प्रोसेसर तर निम्माही वापरला जात नाही, मग तुकडे का हरवतात, असा प्रश्न येथे पडतो. वापराचा आकडा सरासरी दाखवतो; वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारे सॉफ्टवेअर, काही मिलिसेकंद प्रोसेसर अडवून बसला, तर ते त्या आकड्यात दिसत नाही. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचे साधन असा ड्रायव्हर दाखवून देते. साधी परीक्षा म्हणून वायफाय बंद करून तोच ‘आ’ पुन्हा मुद्रित करावा. यूएसबी मायक्रोफोन हबमधून, म्हणजे एका खोबणीच्या अनेक खोबणी करणाऱ्या जोडसाधनातून, काढून थेट संगणकाला जोडावा, यूएसबीची वीजबचत बंद करावी, आणि उपकरण, संगणक व सॉफ्टवेअर या तिन्ही ठिकाणी नमुन्यांचा दर एकच ठेवावा. एकीकडे ४४,१०० आणि दुसरीकडे ४८,००० असा फरक राहू देऊ नये. यांतील प्रत्येक बदल एकेकटा करावा आणि दरवेळी चाचणी नव्याने घ्यावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर खरखर गेली तरी ती कशाने गेली हे कळत नाही, आणि ती परत आली की शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

आता, जे मुद्रण आधीच खराब झाले आहे त्याचे काय? तुरळक चटचट असेल, तर ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमधील डी-क्लिक ही सोय ती बऱ्यापैकी पुसते. माथा कापलेल्या लहरीची दुरुस्ती करणारी साधनेही आहेत, पण ती हरवलेला आकार अंदाजाने भरतात, आणि जोरकस उच्चारांत तो अंदाज कानाला खटकतो. असा भाग दोन-चार वाक्यांचाच असेल, तर मायक्रोफोनपासून पूर्वीइतकेच अंतर ठेवून तो पुन्हा वाचावा आणि मूळ मुद्रणात जोडून घ्यावा.